आबा आणि आमचा आडोसा



मी सातवी शिकलेली. राजकारणातले मला फारसे कळत नाही. तरी आज वर्धापनदिनी आर. आर. आबा पाटलांविषयी चार शब्द बोलते.

तासगाव तालुक्यातले अंजनी हे त्यांचे गाव. 'कमवा आणि शिका' योजनेत कष्ट करून ते शिकले. १९७९ साली जिल्हा परिषदेत निवडून आले, १९९० साली आमदार झाले आणि १९९९ साली ग्रामविकासमंत्री. मंत्री झाला की माणूस गाव विसरतो म्हणतात. आबांनी गावच्या घाणीचाच प्रश्न हाती घेतला. २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. लोकांनी श्रमदानाने गाव झाडायचे, घरोघर संडास बांधायचे. चांगल्या गावाला बक्षीस.

मी तेव्हा नवी सून. पहाटे अंधारात बाहेर जायचे, नाहीतर दिवस मावळेपर्यंत कळ सोसायची. पाणीसुद्धा बेताने प्यायचे. हे मामंजींना सांगणार कोण? पण गाव अभियानात उतरले आणि मामंजींनी स्वतः खड्डा खणला.

२००४ साली आबा उपमुख्यमंत्री झाले. २००८ साली मुंबईवरील हल्ल्यानंतर एका बोलण्यापायी ते पद गेले. बोलणे चुकलेच होते. २०१५ साली आबाही गेले. माझ्या दारचा आडोसा मात्र अजून उभा आहे.

आपल्या शाळेतल्या मुलींच्या संडासाला दार नाही. यंदा हळदीकुंकवाच्या वर्गणीतून ते बसवू या.