घरातील दीर्घ दुखणे आणि आपले मन

(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अशा मेळाव्यात शिक्षकाने अभ्यास, परीक्षा आणि शिस्त यांविषयी बोलावे अशी आपली अपेक्षा असते. मीही तोच विषय घेणार होतो. परंतु हजेरीपट चाळताना एक गोष्ट ध्यानात आली. वारंवार गैरहजर राहणाऱ्या मुलामुलींना कारण विचारले, तर पुष्कळदा "सर, घरी आजारपण आहे" असे उत्तर येते. हे आजारपण चार दिवसांच्या तापाचे नसते. कोणाच्या वडिलांची कंबर दोन वर्षांपासून धरलेली असते, कोणाच्या आजीला संधिवात असतो, तर कोणाच्या आईच्या पायांची मधुमेहामुळे रात्रभर आग होते. म्हणून आज मी या दीर्घ दुखण्याविषयी, आणि ते माणसाच्या मनावर व घरावर काय परिणाम करते याविषयी बोलणार आहे. मी डॉक्टर नाही, बी.ए., बी.एड. झालेला साधा शिक्षक आहे. जे सांगतो ते काही वाचलेले आणि काही घरात पाहिलेले आहे.

प्रथम घरचे सांगतो. माझ्या अम्माने शिलाई मशीन चालवून आम्हा भावंडांना शिकविले. पुढे तिची पाठ दुखू लागली. एक्स-रे झाला, एमआरआय झाला. "काळजी करण्यासारखे काही नाही," असे डॉक्टर म्हणाले. मी त्याचा अर्थ "दुखणेच नाही" असा घेतला. एका संध्याकाळी मी वह्या तपासत बसलो होतो. अम्मा म्हणाली, "बेटा, आज उठवतच नाही." मी मान वर न करता म्हणालो, "अम्मा, रिपोर्ट चांगला आला ना? मग आता ते मनातून काढून टाका."

त्या दिवसापासून अम्माने तक्रार केली नाही. ती बरी झाली, असे मी सर्वांना आनंदाने सांगत होतो. सहा महिन्यांनी धाकट्या बहिणीने खरी गोष्ट सांगितली. अम्मा रात्र रात्र जागी असे. लग्नकार्याला जाणे तिने सोडले होते. नमाज ती खुर्चीवर बसून पढू लागली होती, आणि मी घरात असलो की खोलीचे दार लोटून घेत होती. मुलाला दिसले तर तो पुन्हा तेच म्हणेल, ही तिला भीती होती. दुखणे होते तेवढेच होते. त्यात एकटेपणाची भर मी घातली होती.

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. बोट कापले की दुखते, ती धोक्याची सूचना असते. जखम भरली की ती थांबते. परंतु तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ राहणारे दुखणे वेगळ्या प्रकारचे असते. त्यात पुष्कळदा मज्जासंस्थाच अधिक हळवी होऊन बसते. आग विझली तरी भोंगा वाजत राहावा, तसा हा प्रकार आहे. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी असे मांडले, की वेदनेचा संदेश मेंदूकडे जाताना पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत जणू एक फाटक लागते. ते कधी अधिक उघडते, कधी मिटते, आणि त्यावर मेंदूचाही ताबा चालतो. त्या सिद्धांतात पुढे पुष्कळ सुधारणा झाल्या. तथापि भीती, काळजी व जागरण यांनी दुखणे वाढते आणि धीर, झोप व माणसांची सोबत यांनी ते काहीसे कमी होते, ही गोष्ट आज वैद्यकशास्त्र मानते.

याचा अर्थ दुखणे खोटे आहे असा मुळीच नाही. १९९४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पाठ न दुखणाऱ्या ९८ माणसांचे एमआरआय काढले होते. त्यांपैकी केवळ ३६ टक्के लोकांच्या मणक्यांतील सर्व चकत्या निर्दोष आढळल्या. म्हणजे चित्रात दोष असून दुखत नाही, आणि चित्र स्वच्छ असून दुखते, असे दोन्ही घडते. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली आपली व्याख्या सुधारली, तेव्हा माणूस दुखते म्हणून सांगतो त्या सांगण्याचा आदर झाला पाहिजे, असे त्यात स्पष्ट नमूद केले. ते वाचताना मला माझ्या वह्या आणि अम्माचा चेहरा आठवला.

शरीर व मन यांचे हे नाते आपल्या पूर्वसूरींनाही ठाऊक होते. इ. स. ९३४ मध्ये वारलेल्या अबू झैद अल-बल्खी या विद्वानाने शरीराचे आरोग्य आणि मनाचे आरोग्य यांचा विचार एकाच ग्रंथात केला आहे.

दीर्घ दुखण्यात माणूस एका चक्रात सापडतो. हालचाल केली तर दुखेल म्हणून तो पडून राहतो. पडून राहिल्याने स्नायू दुबळे होतात, आणि मग थोड्या हालचालीनेही अधिक दुखते. उलट, एखाद्या दिवशी बरे वाटले की साचलेले सारे काम उरकायला जातो आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात काढतो. यावर उपाय म्हणजे मोजके काम आणि मोजकी विश्रांती. आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा त्यांनी व्यायाम शिकविले आणि घड्याळ लावून काम करण्यास सांगितले. आता अम्मा वीस मिनिटे मशीनवर बसते, मग उठून अंगणात फेऱ्या मारते. दुखणे गेले आहे असे मी म्हणणार नाही. परंतु मागच्या ईदला नातवंडांचे कपडे तिने स्वतः शिवले.

पालकांना माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, आजारी माणसाला त्याचे दुखणे सिद्ध करायला लावू नका. "सब्र करा" असे आपण सहज म्हणतो; पण सब्र म्हणजे गप्प बसणे नव्हे. दुसरी, त्याच्या हातातून सगळेच काम काढून घेऊ नका. "आज दुखते का?" असे दर तासाला विचारण्यापेक्षा "आज काय जमेल?" असे विचारा. तिसरी विनंती सर्वांत महत्त्वाची आहे. आई अंथरुणाला खिळली की घरातील मुलीची शाळा सुटते. मुलाचे क्रिकेट मात्र सुटत नाही. माझ्या बहिणीचे बारावीचे वर्ष असेच गेले, आणि मी शिक्षक असून ते मला दिसले नाही. पुढच्या वर्षी ती परीक्षेला बसली, तेव्हा सकाळचे पाणी आणि रात्रीची भांडी माझ्याकडे होती. ती पास झाली.

दोन गोष्टी सावधगिरीच्या. वेदनाशामक गोळ्या मनाने घेत राहू नका. त्यांनी पोट व मूत्रपिंडे बिघडू शकतात. पाठदुखीबरोबर पायातील शक्ती जाऊ लागली किंवा लघवीवर ताबा राहिला नाही, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तसेच दोन आठवड्यांहून अधिक काळ माणूस उदास असेल, कशात रस घेत नसेल, तर डॉक्टरांना सांगा. जगणे नको अशी भाषा निघाली, तर दोन आठवडे थांबूच नका. सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत मिळते. मन आजारी पडणे ही लाजेची गोष्ट नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला आज गृहपाठ एवढाच. घरात कोणी दीर्घकाळ आजारी असेल, तर आज रात्री त्यांच्याजवळ दहा मिनिटे बसा आणि ते सांगतील ते ऐका. उपाय सुचवू नका. आणि घरच्या आजारपणामुळे शाळा चुकत असेल, तर शिक्षकांना मोकळेपणाने सांगा. "उशीर का झाला?" असे दरडावून विचारण्यापूर्वी आम्हीही ऐकून घेऊ, एवढे वचन मी माझ्यापुरते देतो.