झाडाचे तोंड कुठे असते?



आज आपल्या दारातल्या आंब्याविषयी चार शब्द बोलतो. परवा वाडीतल्या एका गृहस्थांनी विचारले, "गुरुजी, कलम तोडून टाकू काय? शेण घालतो, तरी फळ नाही." मी जाऊन पाहिले. शेण होते, पण सगळे बुंध्याला चिकटून रचलेले. झाडाखालचा पातेरा जाळून जमीन लख्ख केलेली. मी म्हटले, "तोडू नका. झाड उपाशी आहे."

शेण असून उपाशी कसे? अहो, माणसाच्या पाठीवर भाकरी ठेवली तर त्याचे पोट भरेल काय? बुंध्याजवळची जाड मुळे झाडाला धरून ठेवतात. अन्न घेतात ती बारीक, केसासारखी मुळे. ती बरीचशी बुंध्यापासून लांब आणि जमिनीच्या वरच्या थरात असतात. झाडाचे तोंड तिथे आहे.

म्हणून फांद्यांचा घेर जिथे संपतो, त्याच्या थोडे आत गोल चर खणावा. दीड-दोन फूट रुंद, अर्धा फूट खोल. अधिक खोल खणून मुळे तोडू नयेत. मृगाचे पाऊस पडून जमीन भिजली, की चरात खत घालून वर माती ओढावी. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे दहा वर्षांच्या व त्यापुढच्या हापूसला 50 किलो शेणखत, 3 किलो युरिया, 3 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पोटॅश लागते. पहिल्या वर्षी या वरखताचा दहावा हिस्सा द्यावा, दुसऱ्या वर्षी दोन हिस्से, असे वाढवत जावे. मुसळधार पावसात मात्र खत टाकू नये. युरिया पाण्याबरोबर वाहून जातो, आणि पैसेही.

शेणखत कुजलेले हवे. हातात चुरले तर मोकळे व्हावे, वास मातीचा यावा. अर्धकच्च्या शेणात हुमणी वाढते.

आता पातेऱ्याचे सांगतो, कारण आपण चुकतो ते इथेच. झाडाने जमिनीतून घेतलेले बरेचसे पानांत असते. पान खाली पडून कुजले, की ते जमिनीला परत मिळते. आपण काय करतो? तो भाजावळीला नेतो, नाहीतर झाडाखालीच काडी लावतो. झाडाचे अन्न जाते, आणि वरच्या थरातली बारीक मुळेही भाजतात. अंगण झाडावे, त्याला माझी ना नाही. पण झाडाचे आळे झाडू नये. पातेरा एका खड्ड्यात साठवावा आणि वेळ आली की पसरावा.

वेळ कोणती? लहान कलमाला पाऊस सरताच, दिवाळीच्या सुमारास. मोठ्या झाडाला थोडे थांबावे. मोहोराच्या आधी जमिनीत फार ओल राहिली, तर झाड मोहोराऐवजी पालवी काढते. कैरी वाटाण्याएवढी झाली, की पाणी द्यावे आणि चार-सहा बोटे जाडीचा पातेरा किंवा वाळके गवत पसरावे. मग ऊन थेट जमिनीवर पडत नाही, ओल टिकते, कैरी कमी गळते. गवत उचलून पाहा, खाली गांडुळे दिसतील.

बुंध्याभोवती हातभर जागा मात्र मोकळी सोडावी. साल सतत ओली राहिली तर कुजते, आणि पातेऱ्याच्या आडोशाने वाळवी खोडावर चढते, ती दिसतही नाही.

हापूस एक वर्ष भरभरून येतो, एक वर्ष हात आखडतो. हा त्याचा स्वभाव आहे. खताने तो पुरता बदलत नाही. पण पोसलेले झाड आणि उपाशी झाड यांत अंतर पडतेच. एका पावसात फरक दिसला नाही, म्हणून कुऱ्हाड काढू नका.

चर कुठे खणायचा हे ज्यांना उमगले नसेल, त्यांनी रविवारी सकाळी शाळेपाशी यावे. सोबत एक दोरी आणि खुंटी आणा. दोरी बुंध्याला बांधून गोल कसा आखायचा, ते झाडाखालीच दाखवतो.