नाटकाचे तिकीट आणि रिकामी खुर्ची



नाटकाच्या बाहेर ‘हाऊसफुल्ल’ची पाटी लागली की आपण म्हणतो, ‘कंपनीवाल्याची चंगळ आहे बुवा!’ आणि खिडकीवर तिकिटाचा दर पाहिला की आपणच म्हणतो, ‘लुटतात हो हे लोक!’ ह्या दोन्ही उद्गारांत थोडे खरे आहे आणि बरेचसे चुकीचे आहे. मी अर्थशास्त्राचा शिक्षक. नाटकातले मला प्रेक्षकापुरतेच कळते. पण गल्ल्याचा हिशेब हा माझ्या विषयात येतो, म्हणून आज नाटकाच्या गुणदोषांकडे न वळता त्याच्या पैशाबद्दल बोलणार आहे.

मी राहतो ते शेलार गाव भिवंडी शहराला खेटून आहे. इथे रात्रंदिवस मागांचा खडखडाट चाललेला असतो. मागवाल्याला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही : माग बंद पडला तरी गाळ्याचे भाडे आणि कर्जाचा हप्ता काही बंद पडत नाही. नाटकवाल्याचेही तसेच. नाट्यगृहाचे भाडे, नटांना प्रत्येक प्रयोगाला द्यायचे पैसे – ज्याला त्या धंद्यात ‘नाइट’ म्हणतात – पडद्यामागच्या माणसांची मजुरी, नेपथ्याचे सामान वाहणारा टेंपो, मंडळींची बस, वर्तमानपत्रातली जाहिरात, हे सारे समोर आठशे माणसे असोत की ऐंशी, तेवढेच लागते. पण मागवाल्याला एक आसरा असतो. आज भाव पडला तर कापडाचे तागे तो गोडाऊनात रचून ठेवील आणि बाजार सुधारण्याची वाट पाहील. नाटकाच्या खुर्चीला गोडाऊन नाही. तिसरी घंटा झाली की न विकलेली खुर्ची कवडीमोलाची होते, आणि दुसऱ्या दिवशी ती खुर्ची पुन्हा पहिल्यापासून विकावी लागते. संध्याकाळी बाजार उठताना मेथीची जुडी निम्म्या किमतीत द्यावी लागते. इथे तेही जमत नाही, कारण एकदा का शेवटच्या घटकेला स्वस्त तिकीट मिळते असे कळले, की पुढच्या वेळी आधी तिकीट काढायला कोण येणार?

तेव्हा नाटकाच्या धंद्यात खरा प्रश्न एकच असतो. रिकाम्या खुर्चीचा तोटा कोणी सोसायचा?

मराठी रंगभूमीच्या आरंभी हा प्रश्न नव्हता. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीला ‘सीता स्वयंवर’ केले ते अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने. खर्च राजाचा, खेळ दरबारचा, प्रेक्षकाने फक्त पाहायचे. १८५१ साली चिंतामणराव वारले आणि तो आश्रय तुटला. भावे मंडळी घेऊन गावोगाव निघाले, आणि १८५३ साली मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून त्यांनी खेळ केले. राजा गेला आणि त्याच्या जागी तिकीट काढणारा माणूस आला. आपण खिशातून तिकिटाचे पैसे देतो तेव्हा, म्हणायला हरकत नाही, आपण त्या राजाचा एक लहानसा हिस्सा होऊन बसतो. (म्हणून की काय, काही प्रेक्षक नाट्यगृहात मोबाइलवर राजासारखे मोठ्याने बोलतात.)

पुढे नाटक मंडळ्यांचा काळ आला. गल्ला भरपूर, कीर्तीही भरपूर. आणि तरीही कर्ज. ह्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे गंधर्व नाटक मंडळी. १९१३ साली ती निघाली. बालगंधर्वांच्या नावावर लोक गाडीभाडे खर्चून येत. १९२१ च्या जुलै महिन्यात टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईला बालीवाला थिएटरात बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मिळून ‘मानापमान’ केले, तेव्हा ऐकूनच छाती दडपावी असे दर असूनही लोक तुटून पडले. परंतु ह्याच सुमारास त्यांची स्वतःची मंडळी मोठ्या कर्जात होती. भरजरी वस्त्रे, अत्तरे, पंगती, ‘द्रौपदी’ नाटकात उभे केलेले मयसभेचे वैभव, हे सारे गल्ल्यावर ताण पाडणारे होते. नाट्यगृहात खुर्च्या ठरावीक. त्या सगळ्या भरल्या तरी गल्ल्याला वरची सीमा असते; खर्चाला मात्र सीमा नसते. हाऊसफुल्ल पाटीमागे कर्ज लपू शकते ते असे. बालगंधर्वांनी दिवाळे काढले नाही, देणी फेडत राहिले, ही त्यांची थोरवी. हिशेब मात्र हिशेबच राहिला.

नंतर बोलपट आला. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ पडद्यावर मराठीत बोलू लागला. बोलपटाची फीत एकदा तयार झाली की दिवसातून तीन वेळा दाखवा, दहा गावी दाखवा. त्यातला राजा पुन्हा जेवायला मागत नाही. नाटकातल्या राजाला मात्र दर प्रयोगाला उभे राहावे लागते आणि दर प्रयोगाला त्याची बिदागी द्यावी लागते. म्हणून सिनेमाचे तिकीट स्वस्त होऊ शकले, नाटकाचे तेवढे होऊ शकले नाही. पुष्कळ मंडळ्या ह्या माऱ्यात बुडाल्या. मो. ग. रांगणेकरांच्या नाट्यनिकेतनाने मग उलट बाजूने विचार केला. त्यांचे ‘कुलवधू’ १९४२ चे. पात्रे थोडी, घरातलाच देखावा, रात्रभर चालणाऱ्या नाटकाऐवजी काही तासांचा खेळ. गल्ला वाढेना, तर खर्च आवरा! माझ्या मते आजच्या व्यावसायिक नाटकाचा हिशेब तिथून सुरू होतो.

आता थोडी आकडेमोड करू. हे आकडे कुणाच्या वहीतले नाहीत, समजण्यासाठी घेतले आहेत. शिक्षकबंधूंनी हवे तर फळ्यावर मांडून पाहावेत. समजा, ८०० खुर्च्यांचे नाट्यगृह आहे आणि एका प्रयोगाचा सगळा खर्च २ लाख रुपये आहे. सरसकट ५०० रुपये दर ठेवला तर खर्च निघायला ४०० माणसे लागतात. म्हणजे निम्मे घर. आता कोणी म्हणेल, लोकांना परवडू दे, ३०० ठेवा. ठेवा! पण मग ६६७ माणसे आली पाहिजेत. दर दोनशेने उतरला की २६७ माणसे जास्त हवीत, तेव्हा कुठे ना नफा ना तोटा. ती येतील का? शनिवार-रविवारी येतील. बुधवारी दुपारी येतील असे कुठलाही निर्माता छातीठोकपणे सांगणार नाही. म्हणूनच पुढच्या रांगा महाग, मागच्या स्वस्त आणि बाल्कनी त्याहून स्वस्त, अशी उतरंड असते. ज्याला परवडते त्याच्याकडून जास्त घ्यायचे आणि त्याच्या आधाराने मागच्याला आत घ्यायचे. ह्यात मला काही अन्याय दिसत नाही.

वरच्या टोकाला सरकारनेही एक रेघ ओढून ठेवली आहे. वस्तू व सेवा कर २०१७ च्या जुलैत आला तेव्हा नाटकाचे २५० रुपयांपर्यंतचे तिकीट करमुक्त होते; जानेवारी २०१८ मध्ये ती मर्यादा ५०० झाली. ५०० ओलांडले की नुसत्या वरच्या रकमेवर कर लागत नाही, सगळ्या तिकिटावर लागतो, १८ टक्क्यांनी. ६०० चे तिकीट विकून कर भरला की हातात जेमतेम ५०८ उरतात. प्रेक्षकाच्या खिशातून शंभर जास्त गेले आणि नाटकवाल्याला आठ मिळाले! म्हणून ५०० हा आकडा नाटकाच्या जाहिरातीत इतका दिसतो.

हे झाले नाटकवाल्याचे. आता आपले, म्हणजे गावात राहणाऱ्या प्रेक्षकाचे पाहू. शेलारच्या माणसाने मोठे नाटक पाहायचे म्हणजे कल्याणला आचार्य अत्रे रंगमंदिरात जावे किंवा ठाण्याला गडकरी रंगायतनमध्ये. नवरा, बायको, दोन मुले. तिकीट ४०० चे ३०० झाले तर घरचे ४०० रुपये वाचतात. पण रात्री साडेआठचा प्रयोग सुटतो तेव्हा अकरा वाजून गेलेले असतात. त्या वेळी बस मिळेल की नाही ह्याचा भरवसा नाही, आणि रिक्षावाला जे सांगेल ते मुकाट्याने द्यायचे. वाचलेले चारशे एका फटक्यात तिथे जातात. वर दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला माग सुरू करायचा असतो. ज्याला शहरवाले ‘गावाकडचा प्रेक्षक नाटकाला येत नाही’ म्हणतात, त्याची गोष्ट ही अशी आहे. तिकिटावर छापलेली किंमत आणि नाटक पाहण्याची किंमत ह्या दोन निरनिराळ्या आहेत, आणि दुसरी किंमत दराने कमी होत नाही, वेळेने होते. रविवारी दुपारी चारचा प्रयोग असला की आमच्या बाजूची माणसे दिसतात; तीच माणसे, तोच दर. निर्माते दरावर डोके खपवतात, त्यातले निम्मे त्यांनी वेळापत्रकावर खपवावे असे मला वाटते.

दुसरा मार्ग असा की नाटकानेच गावात यावे. इथे कंत्राटी प्रयोग येतो. कंपनी म्हणते, आमची ठरलेली रक्कम द्या, आम्ही प्रयोग करतो. तिकिटे तुम्ही विका, नफा तुमचा, तोटाही तुमचा. म्हणजे रिकाम्या खुर्चीचा बोजा कंपनीच्या डोक्यावरून गावाच्या डोक्यावर आला. तमाशात ही पद्धत जुनी आहे. नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात आणि ठिकठिकाणच्या यात्रा कमिट्या तिथे येऊन सुपारी ठरवतात. सुपारीचा खेळ गावाला फुकट. वर्गणीतून त्याचे पैसे आधीच दिलेले असतात. एरवी तोच फड कनातीत तिकीट लावतो तेव्हा पाऊस आला, शेजारच्या गावात कुस्त्या निघाल्या, तर नुकसान फडमालकाचे. २०२० आणि २०२१ साली यात्राच भरल्या नाहीत तेव्हा सुपारीही गेली आणि तिकीटही गेले, फडांवर उपासमारीची पाळी आली.

पण मला सर्वांत नवल वाटते ते पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया ह्या भागात दिवाळी झाली, धान घरात आले की नाटकांचा हंगाम सुरू होतो. देसाईगंज-वडसा इथे कंपन्यांची कार्यालये आहेत. गावातले मंडळ तिथे जाऊन नाटक ठरवते, मंडप घालते, तिकिटे छापते आणि विकते. रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. पाहुणेरावळे येतात, लग्ने जुळतात. ह्या रंगभूमीवरचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्यामुंबईच्या कित्येकांनी झाडीपट्टी हे नाव पहिल्यांदा ऐकले असेल. तिथे खेड्यातला माणूस तिकीट काढून नाटक पाहतो, आणि नाट्यगृह नाही म्हणून रडत बसत नाही. त्याचे कारण मला दिसते ते असे : नाटक चालत नाही अशा रात्री नुकसान आपल्याच गावाचे होणार, हे प्रत्येकाला ठाऊक असते. म्हणून प्रत्येक जण दहा घरी तिकिटे खपवतो. आणि पहाटेपर्यंतचे नाटक म्हणजे परतीच्या गाडीचा प्रश्नच नाही. उजाडले की पायी निघावे.

आमच्या भिवंडी तालुक्यात जत्रा आहेत, वर्गणी गोळा करणारे उत्साही तरुण आहेत, मैदानेही अजून थोडी शिल्लक आहेत. मग अडते कुठे? अडते ते ‘फुकट’ ह्या शब्दावर. कार्यक्रम म्हटला की फुकट असलाच पाहिजे अशी समजूत आहे. फुकट कार्यक्रमाला कुणी तरी धनी लागतो; धनी आला की त्याचे फलक, त्याचा सत्कार, त्याचे भाषण, आणि नाटक तासभर उशिरा. त्यातून तिकीट लावलेच तर पहिल्या तीन रांगांत सोफे मांडून ते पाहुण्यांना पासावर द्यायचे! अहो, सगळ्यांत महाग विकली जाणारी जागा तीच. ती फुकट दिली की तिचा भार मागे सतरंजीवर बसणाऱ्यावर पडतो. मघाच्या हिशेबात शंभर पास ५०० च्या जागांचे वाटले तर ५० हजार रुपये गेले, म्हणजे प्रयोगाच्या खर्चाचा चौथा हिस्सा. माझे तर मत असे की गावच्या प्रयोगात सरपंचांनी पहिले तिकीट रोख पैसे देऊन, सगळ्यांच्या देखत काढावे. मग पास मागायला कुणाची जीभ रेटणार नाही.

शाळांसाठी एक गोष्ट सांगायची राहिली. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी नाट्यगृहे रिकामी असतात. सुधा करमरकरांनी १९५९ साली ‘लिटल थिएटर’ काढून मुलांच्या नाटकाला मोठ्यांच्या नाटकाइतकीच सजावट दिली. तेव्हापासून चांगली बालनाट्ये मराठीत होत आली आहेत. चार-पाच शाळांनी मिळून चारशे मुलांची खात्री दिली, तर निर्मात्याशी दराबद्दल घासाघीस करायला शिक्षकांना जोर येतो, कारण त्याच्या डोक्यावरची रिकाम्या खुर्च्यांची काळजी आपण आधीच उतरवलेली असते. मात्र बोलणी करताना नाट्यगृहाचे भाडे दरात धरले आहे का, प्रयोग रद्द झाल्यास पैसे किती दिवसांत परत, आणि सोबतच्या शिक्षकांची तिकिटे वेगळी का, हे तीन प्रश्न कागदावर लिहून विचारावेत. बस दुपारी बाराला निघाली तर चारशे मुले दिवेलागणीच्या आत घरी येतात.