अर्ध्या वेळेचा कारागीर

घाई आणि वेग ह्या दोन गोष्टी पुष्कळदां एकच समजल्या जातात. वस्तुतः त्यांचें परस्परांशीं फारसें जमत नाहीं. मोठ्या कारखान्याच्या हिशेबापेक्षां लहान कारागिराच्या कामांत हें अधिक स्पष्ट दिसतें. खानदेशांतील असा एक कारागीर डोळ्यांपुढें आणावा, कीं जो आठवडाभर नोकरी करतो आणि रविवारीं मोटारींना चोरीचा अलार्म बसवितो. मुंबई–आग्रा व सुरत–नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यास मिळतात आणि त्यांतील दुसरा पुढें जळगांवावरून जातो. तेव्हां ह्या दोन्ही शहरांत मोटारींना आणि मोटारींवर पोट भरणाऱ्यांना तोटा नाहीं. ह्या कारागिराला मजुरी गाडीमागें मिळते, तासामागें नाहीं. रविवारीं दोन गाड्या होतात कीं तीन, ह्यावर त्याच्या घरची जास्तीची कमाई ठरते.

मग त्याचा वेळ जातो कोठें? अलार्म म्हणजे एक लहानशी पेटी, बॉनेटखालचा भोंगा, धक्का ओळखणारा सेन्सर आणि दहाबारा वायरी. पेटीला बॅटरीचा अखंड पुरवठा हवा, किल्ली फिरविल्यावर येणारा पुरवठा हवा, अर्थिंग हवें. शिवाय दरवाजाच्या, इंडिकेटरच्या व कुलुपांच्या वायरी गांठावयाच्या असतात. नवशिक्याला वाटतें कीं वेळ जोडण्यांत जातो. खरा वेळ जातो तो शोधण्यांत. ही वायर कोणती, स्क्रू कोठें पडला, पक्कड कोठें राहिली, आणि डॅशबोर्डखालचें झांकण पुन्हां कां काढावें लागलें, ह्यांतच दुपार टळते.

अमेरिकेंत फ्रँक गिल्ब्रेथ ह्यानें गवंडीकामाचें ह्याच दृष्टीनें निरीक्षण केलें. एक वीट बसवितांना गवंडी १८ हालचाली करतो, असें त्याला आढळलें. त्यानें विटा व कालविलेला माल हाताच्या उंचीवर येईल अशी परांची केली आणि विटा आधींच निवडून मांडून ठेवविल्या. हालचाली ५ वर आल्या. तासाला १२० विटा बसत, तेथें ३५० बसूं लागल्या. टेलर ह्याच्या १९११ सालच्या ग्रंथांत ही हकीगत आली आहे. गवंड्याचा हात कांहीं जलद झाला नव्हता. त्याचें वाकणें तेवढें थांबलें होतें.

अलार्म बसविणाऱ्यालाही हाच मार्ग मोकळा आहे. त्याची परांची म्हणजे एक वही आणि घरचें टेबल. प्रत्येक गाडीची जात, वायरीचा रंग, तिची जागा आणि मीटरवर आलेला आंकडा हें सर्व वहींत टिपून ठेवावें. तीच गाडी पुन्हां आली म्हणजे शोध संपलेला असतो, केवळ खात्री करावयाची उरते. ती मात्र करावीच, कारण एकाच जातीच्या दोन गाड्यांतही रंग बदललेले असतात. वायरी मापानें कापणें, त्यांना नांवाच्या चिठ्ठ्या लावणें, हें काम शनिवारीं रात्रीं घरीं होऊं शकतें. गाडीला हात लावण्यापूर्वीं तिचे दिवे, कांचा, कुलुपें तपासून मालकाला दाखवावींत. म्हणजे आधींच बंद पडलेल्या दिव्याचा वाद संध्याकाळीं उद्भवत नाहीं. नव्या गाड्यांत दरवाजाची खबर वायरींच्या एका जोडीवरून सांकेतिक संदेशानें जाते. तेथें त्या गाडीसाठीं बनविलेला तयार कपलर वापरणें, हेंच शहाणपणाचें.

परंतु कांहीं ठिकाणीं वेळ वांचविणें म्हणजे कर्ज काढणें होय. वायर तपासण्यास दिव्याऐवजीं मीटरच वापरावा, कारण दिवा ओढतो तो प्रवाह नाजूक यंत्रणेस बाधूं शकतो. एअरबॅगच्या वायरी बहुधा पिवळ्या आवरणांत असतात. त्यांस हातच लावूं नये. बॅटरीजवळ फ्यूज हवा, आणि पत्र्यांतून वायर जाते तेथें रबरी कडें हवें. नाहींतर घासून घासून वायर उघडी पडते व आगीचें भय उत्पन्न होतें. खानदेशचा उन्हाळा पारा ४५ अंशांवर नेतो आणि बंद गाडींत ताप त्याहूनही वाढतो. नुसत्या पीळ देऊन टेप गुंडाळलेल्या सांध्याचा गोंद अशा वेळीं पाझरतो, सांधा सुटतो, आणि एप्रिलमध्यें वांचविलेलीं पांच मिनिटें मे महिन्यांतला सबंध रविवार खाऊन टाकतात. भोंग्याचें तोंड खालीं ठेवलें नाहीं, तर पावसाचें पाणी त्यांत सांठतें.

शेवटचीं पंधरा मिनिटें सेन्सरची नीट जुळणी करण्याचीं. तो फार हळवा ठेवला, तर महामार्गावरून ट्रक गेला किंवा वरातींतला बँड वाजला कीं अलार्म बोंबलूं लागतो. दोन रात्रीं शेजारी खिडकी उघडून पाहतात. तिसऱ्या रात्रीं कोणी उठत नाहीं. लांडगा आला म्हणून उगाच ओरडणाऱ्या गुराख्याची गोष्ट लहानपणीं सर्वांनींच ऐकलेली असते. ज्या अलार्मवर कोणाचा विश्वास नाहीं, त्याची मजुरी किती लवकर मिळाली ह्याला अर्थ काय?

म्हणून कारागिरानें घड्याळ अवश्य लावावें. झांकण काढणें, शोधणें, जोडणें, तपासणें ह्यांचा वेळ वेगवेगळा लिहावा, आणि जेथें सर्वांत अधिक वेळ गेला तेवढेंच एक अंग पुढच्या रविवारीं सुधारावें. मात्र परत आलेल्या गाडीवर खर्च झालेला वेळही त्याच हिशेबांत मांडावा. असा प्रामाणिक हिशेब ठेवणाऱ्याच्या तीन गाड्या दिवस मावळण्यापूर्वीं होऊं लागतात, आणि त्यांचे मालक रात्रीं निर्धास्त झोंपतात.