कोल्हापुरांत घडलेला कॅमेरा



साताऱ्याहून कोल्हापूरकडे जाणाऱ्या आगगाडींत बसलें, कीं खिडकींतून नुसतीं शेतें दिसत नाहींत. कारागिरीचा एक पटच डोळ्यांपुढें उलगडत जातो. कऱ्हाडचें स्टेशन जेथें आहे त्या ओगलेवाडीस ओगले बंधूंच्या कांचकारखान्यांत 'प्रभाकर' कंदील तयार होत असत. पुढें किर्लोस्करवाडी लागते. तेथें १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं औंध संस्थानच्या उजाड माळावर लोखंडी नांगरांचा कारखाना थाटला. मग सांगली आणि मिरज. मिरजेच्या शिकलगार घराण्यांनीं तलवारींचे दिवस सरल्यावर भोपळ्यावर तारा चढविल्या आणि तंबोऱ्यांचा धंदा उभा केला. गाडी शेवटीं कोल्हापुरास थांबते. त्या शेवटच्या स्टेशनच्या गांवीं शंभरांहून अधिक वर्षांपूर्वीं एक कॅमेरा घडला. त्या कॅमेऱ्याची हकीकत मला आज सांगावयाची आहे. आणि तिच्या अनुषंगानें एक प्रश्नहि विचारावयाचा आहे.

आनंदराव आणि बाबूराव मिस्त्री हे नात्यानें बंधू. बाबूरावांचा जन्म १८९० सालचा. वडील कृष्णराव हे स्वतः कसबी कारागीर. तेव्हां हत्यार कसें धरावें हें मुलाला वेगळें शिकवावें लागलें नाहीं. दोघे भाऊ नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. संगीत नाटकांच्या त्या भरभराटीच्या काळांत पडदा उघडतांच प्रेक्षकांनीं टाळी द्यावी, असें त्यांचें काम असे. पुढें 'मिस्त्री' हें आडनांव मागें पडलें आणि 'पेंटर' हेंच रूढ झालें.

१९१३ सालीं दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईस लागला. स्थिर पडदा रंगविणाऱ्या या दोन भावांना हलणाऱ्या चित्राचें वेड लागलें. फाळके यांनीं १९१२ सालीं लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला होता. ही कंपनीहि एका घराण्याचीच. जेम्स विल्यमसन हा इंग्लंडच्या समुद्रकाठच्या होव्ह गांवचा औषधविक्या. दुकानांत फोटोचें सामान ठेवतां ठेवतां तो चित्रपट काढूं लागला, आणि पुढें चित्रपट सोडून कॅमेरे बनविण्याच्या धंद्यांत पडला. त्याच्या मुलानें तो धंदा पुढें वाढविला.

कोल्हापूरच्या भावांनीं विलायतेची वाट धरली नाहीं. मुंबईच्या जुन्या बाजारांतून त्यांनीं चित्रपट दाखविण्याचें एक यंत्र विकत घेतलें. त्यावर ते खेळ करीत आणि खेळ करतां करतां चित्र कसें हलतें याचा अभ्यास करीत. दाखविण्याचें यंत्र आणि घेण्याचें यंत्र हीं परस्परांचीं उलट रूपें आहेत: एकांतून प्रकाश बाहेर जातो, दुसऱ्यांत तो आंत येतो. मधली हालचाल मात्र एकाच जातीची. तें यंत्र हाच त्यांचा गुरु झाला.

ही हालचाल किती नाजूक असते, तें पाहण्यासारखें आहे. फिल्मच्या दोन्ही कडांना भोकें असतात. एका चित्रास एका बाजूला चार. कॅमेऱ्यांतील आंकडी त्या भोकांत शिरते, फिल्म बरोबर चार भोकें खालीं ओढते आणि मागें सरते. त्या क्षणीं फिल्म अगदी स्थिर राहिली पाहिजे. तेवढ्यांत भिंगामागची फिरती झडप उघडते, चित्र उमटतें, झडप मिटते आणि आंकडी पुन्हां ओढते. मूकपटाच्या काळीं हें सर्व सेकंदाला सुमारें सोळा वेळां घडावें लागे. हाताच्या दांड्याचे सेकंदाला दोन वेढे आणि दर वेढ्याला आठ चित्रें, असा तो हिशेब. चित्राची उंची सुमारें पाऊण इंच. बारा फूट उंच पडद्यावर तें एकशें ब्याण्णव पट मोठें होतें. म्हणजे आंकडीची चूक एका इंचाच्या शंभराव्या भागाची झाली, तर पडद्यावर राजा हरिश्चंद्र जवळ जवळ दोन इंच उडी मारील! असें यंत्र हातानें घडवावयाचें, आणि तेंहि पुस्तकी शिक्षणाशिवाय.

कॅमेऱ्याच्या या खटपटींत आनंदराव गढून गेले होते. परंतु काम पुरें होण्यापूर्वींच, १९१६ सालीं, त्यांचा अंत झाला. ज्या भावाच्या जोडीनें स्वप्न पाहिलें तो गेला आणि अर्धवट यंत्र मागें राहिलें. अशा वेळीं तें माळ्यावर टाकून पुन्हां पडदे रंगवीत बसणें हाच शहाणपणा, असें चार शहाण्यांनीं म्हटलें असतें. बाबूरावांनीं तसें केलें नाहीं. त्यांचे शिष्य विष्णुपंत दामले हे मूळचे पेणचे, यंत्रांत चांगली गति असलेले. गुरुशिष्यांनीं तें काम पुन्हां हातीं घेतलें आणि १९१८ सालीं कॅमेरा चालूं लागला.

पुढचा इतिहास आपणांपैकीं अनेकांस ठाऊक असेल. तानीबाई कागलकर या गायिकेनें भांडवलाचें साहाय्य केलें. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० सालीं 'सैरंध्री' पडद्यावर आला. लोकमान्य टिळकांनीं बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. १९२५ च्या 'सावकारी पाशा'नें कर्जबाजारी शेतकऱ्याचें दुःख पडद्यावर आणलें. त्याच कंपनींत तयार झालेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनीं सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह १९२९ सालीं 'प्रभात' काढली. १९३३ सालीं ती पुण्यास गेली. प्रभातच्या त्या आवारांत १९६० सालापासून चित्रपटाचें शिक्षण देणारी सरकारी संस्था आहे. एका हातघडणीच्या यंत्राचा वंश असा विस्तारला.

आतां माझा प्रश्न. माणसें घडलीं, चित्रपट घडले. मग कोल्हापुरांत कॅमेऱ्यांचा कारखाना कां झाला नाहीं?

व्हिएन्ना शहरांत फोइग्टलेंडर नांवाच्या एका गृहस्थानें १७५६ सालीं मोजमापाचीं उपकरणें बनविण्याचें दुकान काढलें. त्या वेळीं छायाचित्र ही वस्तु जगांत नव्हती. मुलानें दुकान चालविलें, नातवानें चालविलें. १८४० सालीं पेट्झवाल या गणिताच्या प्राध्यापकानें एका नव्या भिंगाचें गणित मांडलें, तेव्हां तें भिंग घांसून देण्यास हा नातू सिद्ध होता. त्या भिंगामुळें मिनिटांचें काम सेकंदांवर आलें आणि माणसाचा चेहरा टिपणें सोपें झालें. चौऱ्यायशीं वर्षें एका घराण्याच्या बोटांत जें कसब मुरलें होतें, तें त्या दिवशीं कामास आलें. पुढें जर्मनींतील येना गांवीं झाइस यांच्या उपकरणांच्या कारखान्याला शॉट यांच्या कांचेची जोड मिळाली ती १८८४ सालीं. म्हणजे कारागीर, गणिती आणि कांच ओतणारा, असे तिघे एकत्र आले तेव्हां तो धंदा पायांवर उभा राहिला.

आमच्याकडे कारागीर होता. बाकीचे दोघे शेजारीं नव्हते. ओगलेवाडीची कांच ज्योतीची आंच सोसणारी होती, परंतु भिंगाची कांच हें निराळें प्रकरण आहे. तींत बुडबुडा नको, रेघ नको, आणि ती फार सावकाश निवावी लागते. नाहीं तर प्रकाशाची वाट वांकडी होते. तशी कांच हिंदुस्थानांत झाली ती स्वातंत्र्यानंतर, कलकत्त्याच्या कांच व मृत्तिका संशोधन संस्थेच्या खटपटीनें.

दुसरें कारण गिऱ्हाइकाचें. किर्लोस्करांचा नांगर घेण्यास शेतकरी आरंभीं बिचकले खरे. पण शेतकरी लाखों होते, आज ना उद्यां घेणारच. कॅमेरा घेणारे त्या काळीं किती? आणि तिसरें कारण मला सर्वांत मोठें वाटतें. बाबूरावांना कॅमेरा विकावयाचाच नव्हता. त्यांना चित्र काढावयाचें होतें. कुंचला जसा, तसा तो कॅमेरा. यांत त्यांचा दोष नाहीं. दोष असलाच तर तो आपणां भोंवतालच्या लोकांचा. एका माणसाच्या बोटांत आलेलें कसब दुसऱ्या पिढीच्या बोटांत उतरावें, अशी व्यवस्था लावणें हें समाजाचें काम आहे, आणि शाळेचें तर आहेच.

येथें मला माझ्याविषयीं दोन शब्द बोलले पाहिजेत. कृष्णाकांठच्या शाळांतून मीं पस्तीस वर्षें मुलें शिकविलीं. एकदां एका सुताराच्या मुलानें वर्गांत एक पेटी आणली. पुठ्ठ्याची पेटी, पुढें आजोबांच्या चष्म्याची कांच, मागें तेल लावलेला कागद. पेटी खिडकीकडे धरली, कीं त्या कागदावर पटांगणांतील पिंपळ उलटा दिसे. सारा वर्ग तिच्याभोंवतीं जमला. परीक्षा तोंडावर आली होती. मीं ती पेटी घेऊन टेबलाच्या खणांत टाकली आणि म्हटलें, "पास हो, मग ने." तो पास झाला नाहीं आणि पेटी मागावयासहि आला नाहीं. पुढच्या वर्षीं त्याचें नांव पटावरून निघालें. पिंपळ उलटा कां दिसतो, एवढें जरी मीं त्याला त्या दिवशीं विचारलें असतें, तरी प्रकाशाचा धडा सगळ्या वर्गाला त्याच्याकडूनच मिळाला असता.

आनंदरावांचें अर्धें राहिलेलें यंत्र बाबूरावांनीं माळ्यावर टाकलें नाहीं. मीं मात्र एका मुलाचें पुरें झालेलें यंत्र खणांत टाकलें. निवृत्तीच्या दिवशीं खण रिकामा करतांना तें हातीं लागलें. कागद फाटला आहे, कांच मात्र स्वच्छ आहे. तो गृहस्थ, आतां गृहस्थच म्हटलें पाहिजे, हें भाषण ऐकत असेल, तर त्यानें केव्हांहि यावें आणि आपली वस्तु न्यावी. येतांना मुलाबाळांनाहि बरोबर आणावें. कागद आम्ही मिळून नवा लावूं.