विजेच्या दुचाकीचे सांधे

खोपोली आणि भिवपुरी हीं नांवें मुंबईच्या विजेच्या इतिहासांत अग्रभागीं शोभणारीं आहेत. लोणावळ्याकडील तलावांचें पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून खालीं उतरवून टाटांच्या केंद्रानें १९१५ सालीं खालापूर तालुक्यांतील खोपोलीहून मुंबईस वीज पुरविली. पुढें १९२२ सालीं कर्जत तालुक्यांतील भिवपुरीचें केंद्र चालू झालें. त्याच दोन तालुक्यांच्या रस्त्यांवर आतां वीज दुचाकीवर स्वार होऊन हिंडूं लागली आहे. मोटारगाड्यांस मज्जाव असलेल्या माथेरानांतही, सर्वोच्च न्यायालयाच्या अनुमतीनें, डिसेंबर २०२२ मध्यें ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. वाहन नवें आलें, कीं त्याची दुखणींही नवीं येतात. आणि या वाहनाचीं पुष्कळशीं दुखणीं सांध्यांचीं असतात.

समजा, एक शिक्षिका रोज कर्जतहून चौकास शाळेसाठीं विजेच्या दुचाकीनें जाते. आषाढांतील एका सकाळीं चढावर गाडी एकाएकीं थांबते. दिवा लागलेला, पडद्यावरील आंकडे जागच्या जागीं, पण चाक हलत नाहीं. दहा मिनिटांनीं तीच गाडी निमूटपणें चालूं लागते. दुसऱ्या दिवशीं पुन्हां तोच प्रकार. कोणी तरी निर्वाळा देतो, “बॅटरी गेली.” नवी बॅटरी म्हणजे हजारों रुपयांचा खर्च, मध्यमवर्गी घराची वर्षाची शिल्लक त्यांत जावयाची. तेव्हां निर्वाळा मान्य करण्यापूर्वीं दुखण्याचें मूळ शोधणें अगत्याचें आहे.

बॅटरीपासून कंट्रोलरपर्यंत आणि तेथून मोटारीपर्यंत वीज अनेक जोडांतून जाते. जोडांतील पिना घट्ट व स्वच्छ असल्या, तर तेथें रोध नाममात्र असतो. पण पितळेच्या भांड्यांत ताक कळकावें, तसा दमट हवेंत तांब्या-पितळेच्या पिनांवर हिरवट थर चढतो. खड्ड्यांच्या हिसक्यांनीं त्यांची पकडही सैल होते. अशा एका जोडाचा रोध केवळ ०.०५ ओहम झाला असें धरूं या. चढावर मोटार ४० अँपियर प्रवाह ओढूं लागली, कीं त्या एका जागीं २ व्होल्टांची तूट येते आणि ८० वॅट उष्णता निर्माण होते. तीही सुपारीएवढ्या जागेंत! उष्णतेनें पीन आणखी सैल पडते, थर वाढतो, रोध वाढतो. अखेर कंट्रोलरपर्यंत पोंचणारा दाब इतका उतरतो, कीं बॅटरी संपली असें समजून कंट्रोलर मोटारीची वीज तोडतो. गाडी उभी राहिली व प्रवाह थांबला, म्हणजे ही तूट नाहींशी होते; दाब मोजावा तर तो पुरेसा भरतो. शिक्षिकेच्या गाडीचें कोडें हें असें आहे. बॅटरी जीर्ण झाली असतांही चढावर दाब उतरतो, हें खरें. म्हणूनच आधीं स्वस्त तें तपासावें, महाग तें मागाहून.

तपासणीचा आरंभ लक्षणांपासून करावा. गाडी सर्वस्वीं मृतवत् असेल, दिवाही लागत नसेल, तर मुख्य फ्यूज, किल्लीचा स्विच व बॅटरीचा मोठा कनेक्टर पाहावा. दिवे लागतात पण मोटार मुकाट आहे, असें असल्यास ब्रेकच्या दांडीचा स्विच व साइड-स्टँडचा स्विच संशयित ठरतात. ब्रेक दाबला असतां मोटारीची वीज तोडणें हें त्या स्विचाचें काम; चिखलानें तो अडकला, तर ब्रेक सतत दाबलेलाच आहे असें कंट्रोलरास वाटतें. चाक हिसके देऊन गुरगुरत असेल, तर मोटारीकडे जाणाऱ्या तीन जाड तारांपैकीं एखादी सुटली असावी, किंवा चाकाची स्थिति कळविणाऱ्या बारीक तारांचा कनेक्टर ओला झाला असावा. आणि खड्ड्यागणिक दोष येत-जात असेल, तर कोठें तरी जोड सैल आहे, हें जवळजवळ निश्चित.

हात लावण्यापूर्वीं किल्ली बंद करावी व बॅटरीचा कनेक्टर सोडवावा. कंट्रोलरमध्यें कांहीं काळ वीज साठून राहते, म्हणून थोडें थांबावें. मग डोळे आणि नाक यांवर भिस्त ठेवावी. तपकिरी पडलेलें प्लॅस्टिक, करपट वास, हिरवट पीन, वेष्टण सोललेली तार हीं चिन्हें बोलकीं असतात. चढ चढून आल्यावर गाडी बंद करून जोडांजवळ हाताची मागची बाजू न्यावी. इतरांहून जो जोड गरम, तोच बहुधा अपराधी. मोजमाप मात्र जाणत्या कारागिरानें करावें. नुसत्या उभ्या गाडीच्या बॅटरीचा दाब पाहून त्यानें निकाल देऊं नये. गाडीवर भार असतांना जोडाच्या दोन टोकांमधील तूट मोजावी. चांगल्या जोडावर ती नगण्य असते. मल्टिमीटर अँपियरवर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांस कदापि लावूं नये. तो थेट शॉर्टसर्किटच होय.

दोष सांपडल्यावर उपाय अर्धवट नसावा. पीन घासून थर जातो, पण गेलेली पकड परत येत नाहीं. भाजलेला कनेक्टर दोन्ही बाजूंनीं बदलावा. तारा पिळून वर चिकटपट्टी गुंडाळणें हा जोड नव्हे. तेथें पाणी शिरतें आणि हिसक्यांनीं तो पुन्हां सुटतो. तार कनेक्टरच्या आधीं किंचित् खालीं वांकवून बांधावी, म्हणजे पागोळीप्रमाणें पाणी तेथूनच गळून पडतें. एखाद्या भागावर ‘आयपी ६७’ असें लिहिलेलें असतें. तो भाग एक मीटर पाण्यांत अर्धा तास तग धरतो, असा त्याचा अर्थ. ती ग्वाही झांकण व रबर शाबूत असेपर्यंतच. जोराच्या फवाऱ्यानें गाडी धुण्यास तो परवाना नाहीं. वॉरंटीची मुदत चालू असेल, तर सील तोडूं नये.

हा प्रश्न केवळ पैशांचा नाहीं. २०२२ सालीं देशांत कांहीं विजेच्या दुचाक्यांना आगी लागल्या आणि त्यानंतर सरकारनें बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम कडक केले. आगीचीं कारणें अनेक असतात. तरी तापणारा जोड दुर्लक्षिणें हें संकटास आमंत्रण आहे. बॅटरीची पेटी घरीं उघडूं नये. ती फुगली, आपोआप तापली किंवा तिला चमत्कारिक वास आला, तर चार्जिंग करूं नये. ती घरापासून दूर मोकळ्या जागीं राहील असें पाहून विक्रेत्यास कळवावें. जिन्याखालीं किंवा दाराच्या तोंडाशीं चार्जिंग नको. रात्रीं आग लागल्यास बाहेर पडण्याची वाटच बंद होते.

त्या शिक्षिकेनें नवी बॅटरी घेण्यापूर्वीं कारागिराकडे दोन गोष्टी मागाव्यात: भार असतांना मोजलेली तूट, आणि काढलेला जुना कनेक्टर. पिनेवरचा काळा डाग हातीं आला आणि तो बदलल्यावर गाडी चढ निर्वेध चढली, तर बॅटरी निर्दोष ठरते. तसें न घडल्यास बॅटरीच बदलावी लागेल. पण मग तो खर्च अंदाजानें नव्हे, पुराव्यानें केलेला असेल.