शेजारी गेलेले मूल



तारकर्लीच्या एका अंगास अरबी समुद्र व दुसऱ्या अंगास कर्ली नदीची खाडी आहे. मधल्या वाळूच्या पट्टीवर, माडांच्या सावलीत घरे वसली आहेत. दोन घरांमध्ये कुंपण असलेच तर ते चुडतांचे, आणि त्यातही जाण्यायेण्यापुरती फट ठेवलेली. त्या फटीतून विरजण जाते, विळा जातो, बातमी जाते. घरातले मांजर जाते आणि मांजरामागून तीन वर्षांचे मूलही जाते. थोड्या वेळाने आई खळ्यात येऊन विचारते, "माझो झील हय इलो काय गे?" पलीकडून उत्तर येते, "इलो हा, मांजराक घेऊन बसलो हा." प्रश्न तेवढ्यावर मिटतो.

बहुतेक वेळा तो असाच मिटतो, ही आपल्या गावांची मोठीच पुण्याई म्हणावयाची. शेजारच्या पडवीत मूल जे शिकते त्याची नोंद कोणत्याही हजेरीपटात होत नाही. कोणाच्या घरी मोठ्याने बोलावयाचे नाही, कोणती आजी खाऊ देते, कोणता कुत्रा शेपूट हलवतो आणि कोणता गुरगुरतो, हे सारे ते स्वतःच्या पायांनी हिंडून जाणते. पहिलीच्या वर्गात परिसराचा पाठ घेताना याच भांडवलावर शिक्षकाला उभे राहावयाचे असते. म्हणून हिंडणाऱ्या मुलाला 'उनाड' ही पदवी देण्याची घाई करू नये.

मांजराचे हिंडणे निराळ्या जातीचे. त्याची माया माणसापेक्षा जागेवर अधिक. तरी एकाच दिवशी दोनतीन घरची मासळी खाण्यात त्याला काही वावगे वाटत नाही. पिल्ले झाली की मांजरी ती सात घरी फिरवते असे आपल्याकडे म्हणतात. आकडा खरा मानण्याचे कारण नाही, परंतु पिल्लांस सुरक्षित जागा शोधीत ती घरे बदलते हे खरे. मांजरीला धोका कळतो. तीन वर्षांच्या मुलाला तो कळत नाही, आणि चिंतेचा विषय येथूनच सुरू होतो.

परड्यातील बाव, खाडीचा काठ, पावसात भरलेला खड्डा, एवढेच काय, पाण्याने भरलेला हंडादेखील लहान मुलाला पुरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे ३ लक्ष माणसे बुडून मरण पावली. त्यांतील जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील बालकांचा होता. बुडणारे मूल ओरडते, हातपाय आपटते, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ते बहुधा आवाज न करता जाते, आणि अवघ्या काही मिनिटांत जाते. आता आपल्या वाडीतला शोध कसा होतो तो पाहा. मूल दिसेनासे झाले की प्रथम शेजारची चार घरे विचारली जातात, मग रापणीवर कोणी पाहिले काय याची चौकशी होते, आणि सर्वांत शेवटी कोणीतरी दबकत बावीत डोकावतो. तिकडे पाहण्याचे धैर्य होत नाही, हे मनुष्यस्वभावास धरूनच आहे. तथापि हा क्रम उलटा हवा. ज्या घरात मूल सुखरूप बसले आहे तेथे ते अर्ध्या तासानेही सापडेल. पाण्याकडे मात्र पहिल्याच क्षणी माणूस धावला पाहिजे. पालकसभेत इतर काही सांगावयाचे राहिले तरी चालेल, हे राहू नये.

दुसरी गोष्ट कुत्र्यामांजराच्या दातांची. न विचारता शेजारी गेल्याबद्दल ज्या मुलाला मार मिळतो, ते तेथील कुत्र्याने ओरखडले तरी घरी सांगत नाही. हे मौन प्राणघातक ठरू शकते, कारण पिसाळरोगाची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी, तीवर हळद, चुना किंवा तिखट लावू नये, आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करावी. एवढे चौथीचे मूलही ध्यानात ठेवू शकते. पण मुलाने आधी तोंड उघडावयास हवे, आणि ते शिक्षेने उघडत नाही.

मूल घराबाहेर का पडते, हेही पाहावे. आई मासळी विकावयास बाजारी गेलेली, किंवा पर्यटकांच्या निवासात कामाला, बाप पाण्यावर, घरी आठ वर्षांची ताई. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना १९४५ नंतर बोर्डीस व पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर असाच अनुभव आला. मुले बालवाडीकडे येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. धाकटी भावंडे सांभाळण्यासाठी थोरली घरी राहतात असे दिसले, तेव्हा पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा यांची सांगड घातली. आज गावोगाव असलेल्या अंगणवाडीचे नाव त्या अंगणातून आले. अलीकडे बांगलादेशातील खेड्यांतही, आया कामात गुंतलेल्या असतात त्या सकाळी ९ ते दुपारी १ या वेळात लहानग्यांना एकत्र सांभाळण्याची केंद्रे चालविली गेली आणि बुडून होणारे बालमृत्यू बरेच घटले.

ताईच्या मागोमाग तिचा धाकटा भाऊ शाळेच्या व्हरांड्यात येऊन बसतो, आणि कधी त्याच्यामागे कुत्र्याचे पिल्लूही. त्याला हाकलून दिले तर तो सरळ घरी जाईलच असे नाही. वाटेत खाडी आहे. त्याला एक तरटाचा तुकडा आणि पाटी द्यावी, पिल्लाला फाटकाबाहेर ठेवावे, आणि वरच्या वर्गातील एखाद्या समजूतदार मुलाबरोबर त्याच्या घरी व अंगणवाडीताईंकडे निरोप धाडावा की मूल शाळेत आहे.